भोयर सर उत्तर सांगत नसत

भोयर सरांना मुलांनी प्रश्न विचारला की ते उत्तर देत नसत. एवढंच असतं तर मी चालवून घेतलं असतं. पण ते उत्तराऐवजी शाळेतली एखादी वस्तू उचलून चालू लागत. लाकूड तरंगतं आणि खिळा का बुडतो, असं सातवीतल्या कोणी विचारलं की म्हणायचे, "मले नोको इचारू, पाण्याले इचार." थोड्या वेळानं खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई माझ्या टेबलासमोर उभ्या. त्यांचा गंज, म्हणजे खिचडीचं मोठं पातेलं, सातवीच्या वर्गात, त्यात खिळे, काटक्या आणि कोणाची तरी चप्पल. एकदा माझा वाचायचा चष्मा उन्हात कागद जाळायला नेला. मी तासभर परिपत्रक हातभर लांब धरून बसले होते.

वडशापासून आत, जंगलाच्या कडेला असलेल्या त्या शाळेची मी मुख्याध्यापिका. भोयर सर विज्ञानाचे. इतरांचे धडे दिवाळीपर्यंत अर्ध्यावर येत, यांचा दुसराच सुरू असायचा. मी बोलावून झापायची. ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे, "बरोबर हाय बाई" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फार छेडलं तर एवढंच सांगायचे, "पोरायले उत्तर देलं का इसरतात. त्यायनं सोता पाह्यलं का मंग नाई इसरत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजूनही आठवलं की डोकं दुखतं.

एकदा तपासणीला साहेब आले. पाणी किती अंशांवर उकळतं, असा साधा प्रश्न त्यांनी टाकला. एक मुलगा उठला आणि अदबीनं म्हणाला, "कोनतं पाणी, सर?" भोयर सरांनी वर्गात विहिरीचं, तलावाचं आणि मिठाचं, तिन्ही पाणी उकळून पाहिलं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेवंताबाईंना दुसऱ्यांदा चहा ठेवायला सांगितला.

त्यामुळे विजेचा धडा आला तेव्हा मला हायसं वाटलं. एक सेल, एक छोटा बल्ब आणि वायरचे तुकडे, त्यात शेवंताबाईंचं काही जाणार नव्हतं. मुलांनी खिळा जोडला, बल्ब लागला. खोडरबर जोडलं, नाही लागला. कोणी बांबूची काडी जोडली, तेव्हाही नाही लागला. बांबूतून वीज जात नाही, असं सगळ्यांनी स्वतः पाहिलं. भोयर सर खूश होते.

आमच्याकडे धान पिकायला आलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत बांधीचा, म्हणजे धानाच्या शेताचा, चिखल करून टाकतात. म्हणून लोक बांधीच्या भोवती उघडी तार ओढतात आणि खांबावर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. सकाळी आकडा काढायचा असतो. यात जनावरं मरतात, माणसंही मेली आहेत. हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि कोणी बोलत नाही.

सातवीतली करिश्मा तिच्या मामाकडे, देवाजीकडे राहायची. धडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती प्रार्थनेनंतर वर्गात उभी राहिली. मी हजेरीसाठी दारातच होते. अगदी अभिमानानं म्हणाली, "सर, मी मामाच्या तारेले इचारून आली. बांबूची काठी लावली. काईच नाई झालं."

तिचं वाक्य संपतं न संपतं तोच देवाजी धापा टाकत आला. मामीनं तिला तारेपाशी पाहिलं होतं. आकडा काढायचा राहून गेला होता आणि काठी दवानं ओली होती. लाईन गेली होती, म्हणून पोरगी वाचली. ती तिथून निघाली आणि लाईन आली.

भोयर सर जमिनीवरच बसले. मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ओरडवेना. मग बसल्या बसल्याच ते मुलांना म्हणाले, "तारेले हात नाई लावाचा. काठी नाई लावाची. काईच नाई लावाचं. हे पाह्याचं नाई, माह्यं आयकाचं." आणि त्या माणसानं पहिल्यांदाच अख्खा तास नुसतं सांगितलं. सेलचा जोर किती थोडा, खांबावरच्या लाईनचा किती, ओला बांबू आणि कोरडा बांबू, सगळं.

तास संपल्यावर त्यांनी देवाजीला हात जोडले, तार काढ म्हणाले. देवाजी आधीच हादरलेला, त्यात चिडला. "काढतो. मंग डुकरायनं धान खाल्लं त? तुमी येता का राखाले?"

"येतो," सर म्हणाले.

मला वाटलं, बोलण्यात बोलणं. पण ते खरोखरच जाऊ लागले. अंधार पडला की देवाजीच्या मचाणावर, डुकरं हाकायला हातात टिनाचा डबा. धान कापेपर्यंत. दिवसा वर्गात फळ्याला टेकून डुलक्या. मी संतापले, घरी जाऊन झोपा म्हणून दोनदा हाकलूनही दिलं. गावात हसू झालं ते वेगळंच. ते मात्र येता-जाता प्रत्येक बांधीवर थांबून तार काढा म्हणायचे, आणि लोक त्यांना लांबून पाहून वाट बदलायचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली भद्रावतीकडे झाली. कोणी तक्रार केली होती की आपोआप नंबर लागला, मला कळलं नाही. निरोपाच्या दिवशी म्हणाले, "बाई, एक काम राह्यलं. देवाजीची तार निंगाली, बाकीच्यायची आहेच." मी म्हटलं, अर्धं पुस्तक राहिलंय त्याचं बोला. ते हसले आणि बसमध्ये चढले.

आता नवे सर आहेत. अभ्यासक्रम वेळेत होतो, गंज चुलीवर असतो, चष्मा माझ्या नाकावर. मला सुख लागायला हवं होतं. पण यंदा धान पिवळं पडू लागलं तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. शाळा सुटली की मी तार काढा म्हणत बांधीबांधीनं फिरू लागले. त्याच पोरी, तीच पोरं त्या धुऱ्यांवरून, शेतांच्या बांधांवरून, शाळेत येतात. लोक मला टाळू लागले. परवा एका शेतकऱ्यानं तोंडावर ऐकवलं, "बाई, बोलाले काय जाते? रातभर तुमी थोड्याच बसनार हाय?"

माझे गुडघे दुखतात, डुकरांची मला मनापासून भीती वाटते आणि त्या शेतकऱ्याच्या मचाणाला धड शिडीही नव्हती. भोयर सरांना मनातल्या मनात भरपूर शिव्या देत मी त्या रात्री टिनाचा डबा घेऊन वर चढले.