कमळाक्कानं खोडलं होतं

“बॉम्बेच्या पेट्या मद्रासला कशा पोचल्या?” देसाईसाहेब टेलिप्रिंटर रूममध्ये शिरले ते ओरडतच. समोर ऑपरेटर कमळाक्का. तिचं प्रोबेशन संपायला आठवडा उरला होता. बाजूला मी, मशीनचा मेकॅनिक, हातात उगाचच स्क्रू-ड्रायव्हर.

आमच्या कारखान्यात मेसेज आधी कागदी पट्टीवर टाइप होई, मग ती पट्टी मशीनमधून सोडून पलीकडच्या गावी पाठवला जाई. प्रत्येक अक्षरासाठी एका ओळीत काही भोकं. चूक झाली, की ‘बॅक’चं बटण दाबून पट्टी तितकी अक्षरं मागे घ्यायची, मग ‘इरेज’ तितक्याच वेळा दाबायचं. भोक बुजवता येत नाही, म्हणून त्या ओळीत पाचही भोकं पाडायची. अशी भरलेली ओळ पलीकडचं मशीन छापतच नसे.

“मद्रास मी खोडलं, सर,” कमळाक्का म्हणाली. “सहा वेळा बॅक, सहा वेळा इरेज. मग बॉम्बे टाइप केलं.” इंग्रजीत दोन्ही सहा अक्षरी.

“मग ते बॉम्बे गेलं कुठं? चामराजपेटेत, तुमच्या घरी?”

साहेबांना पट्टी वाचता येत नसे. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मद्रास शाबूत होतं. त्याच्यापुढे सहा भरलेल्या ओळी.

नव्या मशीनची ही दोन बटणं जुन्या मशीनसारखी असावीत, म्हणून शनिवारी मीच त्यांची अदलाबदल केली होती. सांगायचं राहिलं. कमळाक्का नव्या मशीनवरच शिकलेली, बटणांकडे न बघता टाइप करी. सोमवारी तिच्या सवयीच्या बोटानं आधी इरेज दाबलं गेलं, मग बॅक. पट्टी सहा भरलेल्या ओळींवर आली आणि बॉम्बे त्यांच्यावर टाइप झालं. भरलेल्या ओळीत आणखी भोकं काय पडणार?

“मशीनमध्ये फॉल्ट आहे?” साहेबांनी मला विचारलं.

“नाही, सर. मशीन ठीक आहे.”

तेही खरंच होतं.

कमळाक्का माझ्याकडे वळली. “अण्णा, शनिवारी तुम्ही कायतरी केलासा न्हवं ह्याला?”

“सर्व्हिसिंग,” मी म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीवर नोटीस चिकटवली: बटणं बदलली आहेत. खाली तारीख शनिवारची.

दुपारी साहेबांनी ती वाचली. “इथं तर स्पष्ट लिहिलंय!”

“सोमवारी नव्हती, सर,” ती म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी गुंडाळत राहिलो.

तिला कन्फर्म केलं नाही. पुढच्या वर्षी मी फोरमन झालो. नोटीस वेळेवर लावणारा माणूस म्हणून साहेबांनी माझी शिफारस केली.

बटण बदललं, तर ते दाबणाऱ्याला आधी सांगावं. सांगायचं राहिलं, तर राहिलं म्हणून त्याच दिवशी सांगावं. मला पन्नासाहून जास्त वर्षं लागली.