बाबांना दिसणारी माणसं

बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब होत गेले. समोर पाहिलं की मधोमध धूसर डाग. आम्हाला ते आवाजावरून ओळखायचे. त्याची त्यांनी सवय करून घेतली होती. पण मागच्या उन्हाळ्यात ते बाहेरच्या खोलीत बसायचं टाळू लागले.

एका दुपारी मी तिथेच त्यांना चहा दिला. कप हातात घेऊन ते दारातच उभे राहिले.

"बसा ना, बाबा."

ते हळू आवाजात म्हणाले, "सोफ्यावर दोन बायका बसल्यात का गं? हिरवी लुगडी नेसलेल्या?"

सोफा रिकामा होता. मी तसं सांगितलं.

"वाटलंच मला. त्या बोलत नाहीत, काही नाही. पण लुगड्याचा काठसुद्धा स्पष्ट दिसतो. तुझा चेहरा दिसत नाही."

कॉलनीत कुणाच्या अंगात आलं की समजवायला जाणारा हा माणूस. भूतबित काही नसतं, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. त्यामुळे आपल्याला वेडच लागतंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि कितीतरी दिवस कुणाला काही कळू दिलं नव्हतं.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चालू असलेली औषधं विचारली.

"त्या बायका खऱ्या नाहीत हे तुम्हाला कळतं ना?"

"कळतं."

"मग घाबरू नका. डोळा फक्त संदेश पाठवतो, चित्र मेंदू तयार करतो. तुमच्या डोळ्यांकडून आता फार थोडे संदेश जातात. मेंदूचा तो भाग मात्र धडधाकट आहे. काम मिळालं नाही, की तो आपल्या मनानेच चित्रं काढतो."

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही?"

"नाही. पुष्कळांना असं होतं. तुमच्यासारखेच ते सांगत नाहीत."

बाबांनी चष्मा काढला आणि ते सदऱ्याच्या टोकाने तो बराच वेळ पुसत राहिले. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी ओझरला राहणाऱ्या माझ्या भावाला त्यांनी स्वतःच फोन लावला आणि सगळं सांगितलं.

चित्रं अजून येतात, पण कमी. सकाळी मी विचारते, "आज कोण आलं होतं?"

परवा म्हणाले, "बैल होता. शिंगं रंगवलेला. छान होता गं, मी बघत बसलो."