आत्याचे धवले आणि दोन सेल

मोठा भाऊ मस्कतला नोकरीला होता. त्यानं मला एक जुना पामटॉप आणून दिला, तळहातावर मावणारा घडीचा कॉम्प्युटर. मी पेणच्या शाळेत शिकवायचे; मिरवायला बरा म्हणून तो पर्समध्ये ठेवायचे. मग एका मे महिन्यात आत्याला समोर बसवलं. आत्या खाडीकडच्या मिठागरांच्या गावात धवलारीण होती, म्हणजे आमच्या आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी. ती गायची आणि मी इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.

दिवाळीनंतर आत्या गेली. माघात तिच्या नातीचं लग्न ठरलं. आत्याची लेक, माझी ताई, म्हणाली, "आयचं धवलं तुज्याकडं हायत ना गो? मीच म्हनेन."

"हायत की," मी ठसक्यात सांगितलं. घरी येऊन झाकण उघडलं तर स्क्रीन फिकट, आणि कोपऱ्यात सेल संपत आल्याची खूण.

सेल बदलायचे, त्यात काय एवढं? पण बदलताना आतलं सगळं धरून ठेवणारा छोटा बटणसेल आधीच मेला होता आणि तसला पेणमध्ये मिळेना. भावानं फोनवर बजावलं, "सेल काढलेस तर सगळं पुसलं जाईल. खोक्यात वायर आणि फ्लॉपी आहे, आधी मोठ्या कॉम्प्युटरवर उतरव." पेणच्या कॉम्प्युटर क्लासवाल्यानं फ्लॉपी बघूनच हात जोडले. व्हायरस येईल म्हणे! असा संताप आला.

शेवटी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात ओळखीच्या एका सरांचा क्लास सापडला. एसटीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. नागोठण्यापर्यंत दोनदा वाटलं, उघडून बघावं. पण उघडलं की तेवढे सेल उतरणार. जीव नुसता टांगणीला लागला होता.

सरांच्या कॉम्प्युटरला वायर लागेल अशी एकच जागा, आणि तिथं माऊस. त्यांनी तो उपटला. तरी दोन्ही यंत्रं एकमेकांना ओळख देईनात. "वेग कमी करून बघू," सर म्हणाले. मला घाम फुटला. वेळ जास्त म्हणजे सेल जास्त. या वेळी ओळख पटली; टक्क्यांचा आकडा सरकू लागला आणि साठावर अडला. मी देवीला नारळ बोलले. पामटॉपची स्क्रीन जवळजवळ कोरी झाली, तेव्हा कुठे आकडा हलला आणि शंभरावर गेला.

"एक अक्षर गळलं नाही, मॅडम."

मी तिथंच रडले.

प्रिंट घेऊन थेट ताईकडे गेले. मी वाचत होते, ती गुणगुणत होती. शेवटचा धवला पाठवणीचा. चार ओळी झाल्या आणि खाली मीच टाइप केलेलं होतं, 'वगैरे'. त्या दुपारी उकडत होतं, मी कंटाळले होते. आत्या डोळे मिटून गात राहिली आणि मी नुसती बटणं दाबल्याचं नाटक केलं होतं.

"पुडं गो?" ताईनं विचारलं.

"मशीनमधून आलं नाय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," ती माझ्या पाठीवर हात ठेवत म्हणाली. "तू व्हतीस म्हनून येवडं तरी ऱ्हायलं."