प्रिंटरची सिनिऑरिटी

आमच्या भिलाईच्या ऑफिसातले किस्से म्हणजे माळ्यावरचे डबे. एक काढाले जा, चार डोक्यावर पडतात! आज फक्त प्रिंटरचे सांगतो.

तेव्हा छत्तीसगड झालं नव्हतं, आपण मध्य प्रदेशातच होतो. ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले आणि सगळ्यांत मिळून एक प्रिंटर आला. मले पोलाद कारखान्याच्या भट्टीवरून उचलून या कामावर बसवलं, तेबी ट्रायलवर. आमचे धोबळे साहेब मूळचे वर्ध्याचे, महिनाअखेरीस रिटायर होणार होते. म्हणाले, "मी जाईपर्यंत प्रिंटर नीट चालला, तर तुले इथं पक्का करतो. नाही तर बापू, परत भट्टी!" धूळ खाऊन खाऊन माझी छाती वाजत होती. बायकोनं देवाले नारळ बोलला.

*

प्रत्येक मशीनले वेगळा नंबर लागते. दोघांचा एकच झाला की छपाई बंद. मी दारापासून रांगेनं नंबर दिले, अन् फसलो! साहेबांची केबिन सगळ्यात आत, म्हणून त्यांचा नंबर शेवटचा.

"राहाले कंपनीचं क्वार्टर सिनिऑरिटीनं भेटते, अन् नंबर दारापासून? कोणं शिकवलं बे तुले?"

सगळे नंबर पुन्हा दिले. साहेब एक नंबर.

*

मग आमच्या ऑफिसातल्या नायरचं प्रमोशन झालं. पेढे घेऊन आला, "अब मेरा नंबर ऊपर करो!" वरच्या नंबरवर वर्मा बसलेला. तो म्हणे, "पहले ऑर्डर दिखाओ, तब छोडूंगा." नायरनं स्वतःच तो नंबर आपल्या मशीनमध्ये टाकला. दोघंबी एकाच नंबरवर, अन् दोघांचीबी छपाई ठप्प! मी दोघांच्या मधात पेढा खात उभा. काय करू?

*

प्रिंटरबी मशीनच, त्याले कोणता नंबर? वर्मा म्हणे, "इसकी सर्विस ही कितनी हुई? सबसे नीचे!"

झालं. ऑफिसात नवीन माणूस आला की प्रिंटर एक पायरी खाली सरके, अन् प्रिंटरचा नवा नंबर मी टेबलाटेबलावर जाऊन प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये भरत फिरे. तोवर सगळ्यांची बोंबाबोंब.

साहेबाले हात जोडले, "प्रिंटरले एक पर्मनन्ट नंबर द्या ना!"

"कन्फर्मेशनच्या आधी पर्मनन्ट? तुले तरी केलं का मी?"

*

महिनाअखेर आली. हारतुरे झाले. आता साहेबांचा नंबर रिकामा होणार, म्हणजे सगळेच वर सरकाले तयार, अन् माझा प्रिंटर पुन्हा बंद पडणार. हिंमत करून केबिनमध्ये गेलो.

"साहेब, तुमचा नंबर प्रिंटरले देऊ का? एक नंबरले हलवाची कोणाची हिंमत होणार नाही."

साहेबांनी स्वतःच्या हातानं आपला कॉम्प्युटर बंद केला. मी प्रिंटरले एक नंबर दिला, सगळ्या टेबलांवर भरला. कागद सरसर निघाले.

"अन् माझं, साहेब?"

"तू पक्का रे. सही करून आलो सकाळीच."

मले रडूच आलं. साहेब गळ्यातला हार काढून दारापर्यंत गेले, अन् थांबले. हळूच म्हणाले,

"काय रे, रिटायर झाल्यावर क्वार्टर काही महिने ठेवू देतात. नंबर नाही का ठेवू देत?"