तार बराबर होती

दादारावकाका अँटेनाची तार कापताना बोलायचे नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, अग्निबाणाचं टोपण लावायचं, मीटरचा काटा खुणेवर येतो का बघायचं, टोपण काढायचं, पुन्हा दाणाभर कापायचं. मी वैतागून म्हणालो, "काका, साडेसतरा सेंटिमीटर निघतंय ना? एकदाच कापून टाका."

"ते कागदावर. टोपणात बॅटरी हाय, प्लास्टिक हाय. तार जिथं ऱ्हाणार तिथंच मोजावी लागते, लेकरा. लांब हाय तवर माझ्या हातात हाय. आखूड झाली का गेली."

जवळा बाजारात त्यांचं मिक्सर आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही विज्ञान मंडळाची पोरं हातभर लांबीचा अग्निबाण बनवत होतो. टोपणातला ट्रान्समीटर तो किती उंच गेला, कुठं पडला हे खाली कळवणार होता. ट्रान्समीटरसोबत आलेली बोटाएवढी स्प्रिंग काकांनी बाजूला सारली. "दिसायला भारी हाय, पर हिचा आवाज लांब जायचा न्हाई." त्यांनी साधी सरळ तार निवडली. अँटेना न लावताच मी सेट चालू करायला गेलो, तर माझा हात धरला. "ताकदीला भाईर जायला वाट न्हाई मिळाली का माघारी फिरते. मंग सेटलाच जाळते."

शाळेच्या अध्यक्षांनी शब्द दिला होता: अग्निबाणाचा वरून संदेश आला, तर दर शनिवारी काकांनी शाळेत मुलांना रेडिओ शिकवायचा. काकांचं आडनाव ऐकल्यावर याच अध्यक्षांचा आवाज बदललेला मी ऐकला होता. तरी काकांनी शब्द खरा धरला. जुन्या रेडिओंचे भाग फळ्यांवर मांडून, मुलांच्या हाताला येतील असे खिळवून ठेवले.

उडवायच्या दिवशी सकाळी अध्यक्ष ॲल्युमिनियमची चिकटपट्टी घेऊन आले. टोपण चंदेरी करायचं, त्यावर कार्यक्रमाला बोलावलेल्या पाहुण्यांचं नाव.

"साहेब, नका करू तसं," काका म्हणाले. "धातूच्या आडून रेडिओ बोलत न्हाई. लेकराला पत्र्याच्या पेटीत कोंडून हाक मार म्हणून राहिले तुमी."

"मिक्सरवाले, तुम्ही मिक्सर बघा," अध्यक्ष म्हणाले. लोक हसले.

आणि मी? चौकाचौकांत अन्यायाविरुद्ध पत्रकं वाटणारा मी? मंडप त्यांचा, माईक त्यांचा, परवानगी त्यांनीच आणलेली. मी मुकाट्यानं पट्टी चिकटवली.

अग्निबाण झकास वर गेला. खाली रिसीव्हर मुका. वाऱ्यानं पॅराशूट तुरीच्या शेतांकडं नेलं. दोन दिवस शोधलं, सापडलं नाही. माईकवरून तर त्याच मिनिटाला सांगून झालं होतं: "गावच्या मिस्त्रीची तार चुकली." काका मंडपामागं उभे होते, त्यांना खुर्चीच नव्हती. मी माईकपासून चार हातांवर होतो. गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात मी लिहिलं, 'तांत्रिक बिघाड'. पाहुण्यांची नावं ठळक छापली. काकांचं नाव कुठंच नाही.

शनिवार रद्द झाला. खिळवलेल्या फळ्या माळ्यावर गेल्या. मी माफी मागायला गेलो, रडू आलं.

"काहून रडून राहिला? अग्निबाण घावला का?"

"न्हाई."

"मंग घावल्यावर मोजू. मंग बोल."

त्यानंतर ते दुकानात बसायचे, पण गिऱ्हाइकाशीही कामापुरतंच बोलायचे. हिवाळ्यात एका दुपारी स्टुलावरच गेले. छातीत दुखतंय, एवढंही कुणाला म्हणाले नव्हते.

तुरीची कापणी झाल्यावर मेंढ्या राखणाऱ्या गयाबाई अग्निबाण घेऊन आल्या. "तुमचंच हाय ना हे? मेंढरं बुजायलीत याला."

काकांच्या मुलीकडून मी त्यांचा मीटर मागून आणला. टोपणावरच्या पट्टीसकट तार मीटरला जोडली, काटा खुणेच्या पार पलीकडं गेला. नखानं पट्टी खरवडून काढली. पुन्हा टोपण लावून मोजलं. काटा काकांनी सोडला होता त्याच खुणेवर येऊन थांबला.

मोजलं, काका. आता बोलतो. हे पत्रक शाळेच्या फाटकावरही लावणार आहे: तार दादारावकाकांनी लावली होती आणि ती बराबर होती. पट्टी मी चिकटवली.