दुसरी किल्ली

बुवापाड्यात घराला कुलूप लावलं की दुसरी किल्ली शेजारी द्यायची, ही रीत. नळाला पाणी आलं, पाहुणा दारात उभा राहिला, तर शेजारीण घर उघडते. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, हीच रीत मोबाइललाही लावली होती. केमिकलच्या कारखान्यात अ‍ॅसिडने त्याची बोटं गुळगुळीत झालेली. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नसे, तिथे फोनवर कुठून लागणार? म्हणून आकड्यांचा लॉक. आणि ते आकडे वहिनीला, शेजारणीला, समोरच्या वाण्यालासुद्धा पाठ.

मी उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करतो. सायबर कायद्यावर बोलायला कॉलेजं मला बोलावतात. लोकांचे फोन आणि संदेश उघडण्याची सोय सरकारकडे असावी की नसावी, हा वाद किती वर्षं चालू आहे. मी तावातावाने सांगत आलो की नसावी. भल्या माणसासाठी ठेवलेली दुसरी किल्ली चोराच्या हाती पडतेच.

कारखान्याच्या गेटवर मुकादम इकडून तिकडून आकडे काढून कामगारांचे फोन उघडून बघतो, हे कळल्यावर मी दादावर उखडलो. "लॉकचा नंबर बदल. वहिनीलाही सांगू नको."

"बरं, वकीलसाहेब," तो हसला. जन्मात कधी माझं ऐकलं नाही आणि ऐकलं ते नेमकं हे.

दोन महिन्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह उडाला आणि दादा गेला. तो व्हॉल्व्ह आठवडाभर गळत होता. दादाने साहेबांना तोंडी सांगितलं होतं, रोज व्हिडिओ काढले होते, जेवताना वहिनीला दाखवले होते. कारखाना म्हणाला, तक्रारच नव्हती, कामगाराने निष्काळजीपणा केला. दादाची बाजू मांडणारं जे काही होतं ते त्या फोनमध्ये होतं.

फोन तपासणीला गेला आणि 'उघडता येत नाही' असा शेरा घेऊन परत आला. मग मीच, निर्लज्जासारखा, अर्ज केला की फोन बनवणाऱ्यांना तो उघडून द्यायला सांगा. त्यांचं उत्तर आलं, आमच्याकडेही किल्ली नाही. कारखान्याच्या वकिलाने वर माझंच छापून आलेलं भाषण कोर्टात वाचून दाखवलं.

"हे आपलंच ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

मी हो म्हणालो. आजही मला त्यातला शब्द न् शब्द खरा वाटतो. तेच तर जास्त जाळतं.

चौकशीचा अहवाल आला: चूक मयताची. सांगायला बुवापाड्यात गेलो तर घराला कुलूप. शेजारणीने नेहमीसारखी किल्ली आणून दार उघडलं, मला पाणी दिलं. "दादांचा जुना नंबर मला अजून पाठ हाय," ती म्हणाली.

वहिनी आली. कागद हातात घेतला, दोनदा वाचला, घडी घालून दादाच्या फोटोमागे ठेवला. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"भाऊजी, आमच्यात लपवण्यासारखं होतं तरी काय हो?"

कॉलेजातली पोरंही मला हेच विचारतात. त्यांना देतो ते उत्तर मला तिला देता आलं नाही.