शेवंताचा घण

शेवंता गेल्याचं मला तिच्या नवऱ्यानं, दगडूनं सांगितलं ते शेवटवलेला, नवी धार काढलेला कोयता हातात देता देता. "ताई, धार बगून घ्या... आमची शेवंता गेली. विक्रमगडला पाल होतं तवा. कावीळ जाली." मी सवयीनं आधी अंगठ्यानं धार पाहिली, आणि मग कुठं ऐकलेलं डोक्यात शिरलं. त्याला आता काही आठवडे झाले.

मोखाड्याला माझं दोरखंड, पत्रे, बी-बियाणं विकायचं दुकान आहे. शेजारच्या मोकळ्या जागेत दरवर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायच्या दिवसांत घिसाडी येऊन पालं ठोकतात, कारण तेव्हा गावोगावच्या माणसांना कोयते लागतात. त्यांच्यात तापलेलं लोखंड नवरा धरतो आणि घण बायको मारते. नवऱ्यानं हातोडीनं ऐरणीवर टक् टक् केलं, की पुढचा ठोका बायकोचा. शेवंता माझ्या खांद्याला लागेल एवढीच, पण घण असा उचलायची की बाजाराला आलेले बाप्ये उभे राहून बघायचे. "काय बगताय रं? घरी जाऊन बायकूला पानी भरू लागा!" असं तोंडावर म्हणायची. माझंही तोंड काही कमी नाही, म्हणून आमचं जमलं.

एका वर्षी आली ती गप्प. जेवणावरची वासना उडाली, झोप गेली. कशानं झालं ते कुणालाच सांगता येईना. वारं लागलं म्हणाले, करणी म्हणाले. अंगारा झाला, कोंबडं झालं. आणि एक दिवस घण ऐरणीवर न पडता दगडूच्या बोटावर पडला. बोट वाचलं, नख गेलं. ज्याचा घण चुकला त्याच्या हाती तो पुन्हा द्यायचा नाही, ही त्यांची रीत. घण धाकट्या जावेकडे गेला आणि शेवंता भात्याशी बसली. तिथंही तिचा हात मध्येच थांबायचा... "ताई, मी आता कामाची नाय. भाकर तरी कशाला खायाची?" ती असं म्हणाली आणि मी उठून दगडूला गाठलं.

जव्हारला सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर येतात हे मला ठाऊक होतं. दगडू म्हणाला, "येडी नाय ती." म्हटलं, "वेडी कोण म्हणतंय? ताप आला तर नेतोस ना? मुकाट्यानं चल." जीपमध्ये दोघांच्या मध्ये तिला बसवून नेलं. गोळ्यांनी झोप आली, भाकर जाऊ लागली, पण हात जड झाला. मग बाईनं गोळ्या भट्टीत टाकल्या! "झोप देत्यात अन् हात नेत्यात. काय करू असल्या झोपंला?" पुन्हा जीप, पुन्हा जव्हार. या खेपेला डॉक्टरांनी काम काय करता म्हणून विचारलं, गोळी बदलली, आणि पालं हलली तरी औषध कुठे कुठे मिळेल ते दगडूला नीट समजावलं.

पुढच्या वर्षी पालं आली तेव्हा मला लांबूनच तिचा भांडायचा आवाज ऐकू आला. हायसं वाटलं. पण घण मात्र जावेकडेच होता. रीत म्हणजे रीत. एका सकाळी दगडूनं लालभडक लोखंड ऐरणीवर ठेवलं, चिमटा त्याच, नख गेलेल्या हातात धरला आणि म्हणाला, "शेवंते, मार." त्याचा भाऊ ओरडला, "हात जाईल तुजा!" "माजा हाय न्हवं? जाऊ दे." टक् टक्... आणि घण पडला तो नेमक्या जागी. कोयता पुरा होईपर्यंत कुणी हललं नाही. नंतर ती माझ्या ओट्यावर चहाला बसली तर कप बशीत खडखडत होता. "बगा ताई, आता कापतोय मेला हात!" ती हसत होती, आणि रडत मी होते.

यंदाही पालं पडली आहेत. घण जाऊ मारते, चांगला मारते. पण दर नव्या लोखंडाला दगडू टक् टक् करतो आणि चिमटा धरून नुसता थांबतो. जाऊ घण उचलत नाही. मग तो पुन्हा टक् टक् करतो, तेव्हा ती मारते. मी विचारलं, हे काय रे मध्येच? म्हणाला, "पयला ठोका तिचा."

गल्ल्यावर बसून मला ते दिवसभर ऐकू येतं. टक् टक्... आणि माझाही हात तेवढ्यापुरता थांबतो.